सावली नसलेलं रान

परवा साताऱ्याच्या मंडईत वाघ्या घेवड्याचा ढीग दिसला आणि माझे गुडघे दुखायला लागले. हसू नका. माझ्या गुडघ्यांना पंचांग कळतं. पितृपंधरवडा सरत आला, सकाळी गवतावर दव पडायला लागलं की ते आपोआप बोलायला लागतात.

"आंटी, राजमा घ्या, नवा आहे," भाजीवाला म्हणाला.

"राजमा असेल तिकडं दिल्लीला. ह्याला घेवडा म्हणतात, आणि हा आमच्या कोरेगावकडचा आहे," मी म्हटलं. "आणि आंटी कुणाला म्हणतोस रं?"

त्यानं तराजू पुढं ओढला. मी ढिगात हात घातला. तांबूस दाणा, त्याच्यावर गडद पट्टे, बोटांना गार लागणारा. नव्या दाण्याला अजून मातीचा वास येत होता. अर्धा किलो हवा होता, दोन किलो घेतला. घरी सून म्हणाली, "आई, एवढा कोण खाणार?" खरंच कोण खाणार? नातवाला घेवडा आवडत नाही. त्याला तो बर्गरमध्ये घालून दिला तर खाईल, असं तो स्वतःच म्हणतो.

सहा वर्षं झाली ह्या फ्लॅटमध्ये. नातवाच्या शाळेसाठी आलो आणि राहिलो. माणसं वाईट नाहीत, पण लिफ्टमध्ये अजून मला 'बी विंगमधल्या आजी' म्हणतात. माझं नाव काय, गाव कोणतं, कुणाला पडलेली नाही. तक्रार करत नाही. पण घेवड्याचे दिवस आले की जीव इथं लागत नाही. मग फुलमनीची आठवण येते, आणि सात वर्षांपूर्वीची ती सुगी जशीच्या तशी डोळ्यांपुढं उभी राहते.

घेवडा उपटायचा तो दवात. हे ज्याला ठाऊक नाही त्यानं घेवडा करू नये. पानं पिवळी पडून गळायला लागतात, शेंगा वाळून खुळखुळ वाजतात. ऊन चढल्यावर हात लावला तर शेंग तडकते आणि दाणा मातीत जातो. म्हणून तांबडं फुटायच्या सुमाराला बायका रानात. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, पदर खोचलेला. पहिल्या पाच मिनिटांत ओचा भिजून जड होतो, गार पाणी घोट्यांवरून निथळतं. झाड बुडात धरायचं आणि हिसका द्यायचा. मुळांना चिकटलेली काळी माती तोंडावर उडते. तो वास मला अजून कुठल्या अत्तराला आला नाही.

आणि हे काम एकटीनं व्हायचं नाही. त्यासाठी आमच्याकडं सावड असते. आज आम्ही सगळ्या तुझ्या रानात, उद्या सगळ्या माझ्या रानात. मजुरी नाही, काही नाही. ज्या घरचं रान, त्या घरची न्याहारी. नऊच्या सुमाराला बांधावर गोल करून बसायचं, भाकऱ्या सोडायच्या आणि गावातल्या झाडून सगळ्या माणसांची बिनपाण्यानं हजामत करायची. माझं मत विचाराल तर आमच्या गावाची खरी ग्रामपंचायत तीच. कुणाची मुलगी कुठं द्यायची, कुणाशी बोलायचं, कुणाशी अबोला धरायचा, सगळं तिथं ठरायचं. त्या गोलात जिला जागा, तिला गावात जागा.

आमच्या सावडीत आम्ही आठ जणी. म्होरकी शालनवहिनी. माहेर सांगलीकडचं, बोलणं तोफेसारखं. माझं लग्नानंतरचं निम्मं आयुष्य सैन्याच्या क्वार्टरांत गेलं, नवरा सुभेदार होऊन निवृत्त झाला तेव्हा गावी आले. मला सगळ्या 'सुभेदारीण' म्हणायच्या, त्यात थोडा मान आणि बरीच चेष्टा. पण मलाही गोलात जागा होती. त्या वर्षी आठातली एक लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि जागा रिकामी झाली. तिच्या जागी शालनवहिनीनं फुलमनीला घेतलं. प्रेमानं नव्हे हं. हात कमी पडत होते म्हणून.

फुलमनी म्हणजे आमच्या शेजारच्या तानाक्काची सून, दत्ताची बायको. दत्ता चाळिशीला टेकलेला, रान थोडं, नोकरी नाही. पोरी बघून बघून तानाक्काच्या चपला झिजल्या. हल्ली शेतकरी मुलाला इकडं मुलगी कोण देतो? शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं तो थेट झारखंडला गेला, गुमल्याकडच्या एका खेड्यात, आणि लग्न करून आला. सावळी, बुटकी, काटक मुलगी. कपाळावर आणि हातावर गोंदलेलं. मराठीचा एक शब्द येत नव्हता.

गावानं तिला नाव ठेवायला दोन दिवससुद्धा घेतले नाहीत. 'इकत आनलेली'. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण ती पाण्याला निघाली की पाठीमागून यायचंच. खरं तर दत्तानं एक पैसा दिला नव्हता, उलट तिच्या बापानं ह्याला दोन शेळ्या देऊ केल्या होत्या. पण खरं ऐकायला कुणाला सवड असते? त्याहून मोठा प्रश्न होता जातीचा. ही कुठली, कुणातली, हिच्या घरी काय शिजतं, काही ठाऊक नाही. आणि ज्याची जात कळत नाही त्याला कुठं बसवायचं, हे आमच्या गावाला कळत नाही.

मला हिंदी येतं म्हणून ती माझ्याकडं यायची. दुपारी भांडी झाली की उंबऱ्यात येऊन बसायची. आत ये म्हटलं तरी चटकन यायची नाही. तीनच महिन्यांत तिला कळलं होतं की इथं आत जायच्या आधी माणसाच्या तोंडाकडं बघावं लागतं.

तिला बघून मला माझे रांचीचे दिवस आठवायचे. लग्न होऊन नवी नवी गेले होते, विशीची. शेजारच्या क्वार्टरमधल्या सुमित्रादीदी तिथल्याच. मला हिंदी येईना, भात खाऊन खाऊन रडू यायचं. त्या बाईनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि म्हणाली, "आज से यही तुम्हारा घर." माझी जात तिनं कधी विचारली नाही. मला ताप आला तेव्हा आठ दिवस पेज भरवली. आणि तिच्याच मुलखातली पोर माझ्या उंबऱ्यात अंग चोरून बसली होती. लाज वाटायची मला. पण लाज वाटणं आणि काही करणं ह्यांत फार अंतर असतं, आणि मी ते चालून गेले नाही.

सावडीत फुलमनीनं कामानं सगळ्यांना गार केलं. आम्ही कमरेत वाकून उपटायचो आणि दहा मिनिटांनी 'आई गं' म्हणत ताठ व्हायचो. ती उकिडवी बसून सरकत जायची, दोन्ही हातांनी दोन ओळी एकदम. झाड उपटून मागं ठेवायची ते असं, की एक शेंग हलू नये. "बाई हाय का यंतर!" शालनवहिनी म्हणाली. तिच्या तोंडून कौतुक म्हणजे एवढंच निघतं.

पण न्याहारीला गोल झाला की शालनवहिनी म्हणायची, "तू तिकडं बस गं, सावलीत." बांधावरच्या बाभळीखाली, आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर. भाकरी तिच्या हातावर वरून टाकली जायची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रानात तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रान बदलायचं, झाड बदलायचं, वाक्य तेच. सावलीत बस, म्हणजे किती मायेचं बोलणं! ही रीत गावाला नवी नव्हती. आमच्या बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या सांगतील असल्या सावल्यांची गोष्ट. आम्हाला वाटत होतं, ते सगळं कधीच मागं पडलं.

माझ्या रानात सावड आली त्या दिवशी तरी मी तिला गोलात घेतलं की नाही, असं तुम्ही विचाराल. नाही घेतलं. शालनवहिनी "सावलीत बस" म्हणाली, फुलमनी उठून गेली आणि मी ताक वाढत राहिले. त्या दुपारी ती माझ्या उंबऱ्यात आली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काकी, हम सबके साथ कब बैठेंगे?"

"बैठेगी, बैठेगी. तेरे खेत की बारी आने दे," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तिनं ते गाठीशी बांधून ठेवलं.

तिच्या रानाची पाळी सगळ्यांत शेवटी आली. आणि तिथंच घोळ झाला.

आमच्यात रीत अशी, की सावड ठरलेली असली, दिवस ठरलेला असला, सगळ्या जगाला ठाऊक असलं तरी आदल्या दिवशी त्या घरच्या सवाष्णीनं कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार जायचं. कुंकू लावायचं आणि म्हणायचं, "उद्या आमच्यात या." हे झालं नाही तर सख्खी बहीणसुद्धा यायची नाही. तानाक्काचा नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, त्या घरचा करंडा देव्हाऱ्यात धूळ खात पडलेला. तिला वाटलं, सुभेदारीण सांगेल सुनेला, तिला तिची भाषा येते. मला वाटलं, सासू सांगेल. फुलमनीला बिचारीला काय ठाऊक? तिच्या गावात ज्यानं सगळ्यांच्या रानात घाम गाळला, त्याच्या रानात सगळे आपसूक जातात. सांगायला कशाला लागतं?

त्या दिवशी पहाटे मी शर्ट चढवून, टॉवेल बांधून दारात उभी होते. बोलावणं आलं नव्हतं, तरी मला जाता आलं असतं. शेजारचं घर, मला कुंकवाची काय मातब्बरी? पण मी थांबले. शालनवहिनी निघते का, ते बघत थांबले. तिचं दार उघडलं नाही. मग मी चहा केला. मग झाडून काढलं. घर स्वच्छच होतं. खोटं कशाला बोलू, त्या सकाळी मला रीत आठवत नव्हती, मला गावाची भीती वाटत होती.

आठ वाजता राहवेना, गेले. आभाळ भरून आलेलं, परतीच्या पावसाचे दिवस. उपटलेल्या घेवड्यावर पाणी पडलं की दाणा काळा पडतो, मग त्याला कुत्रं विचारत नाही. रानात दोघंच, दत्ता आणि ती. दत्ता रागानं उपटत होता, निम्म्या शेंगा फुटत होत्या. ती तिच्या चालीनं सरकत होती. मला बघून उभी राहिली. माझ्या मागं वाटेकडं बघितलं. वाट रिकामी होती.

"अकेली आई, काकी?"

मी बांधाकडं बघितलं. साफसूफ केलेल्या जागेवर पत्रावळी मांडलेल्या होत्या, गोल. पळसाच्या पानांच्या, काड्यांनी टाचलेल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक धुतलेला खडा. मी मोजल्या. आठ होत्या.

"हम तो सात," मी म्हटलं.

"एक हमारा," ती म्हणाली.

आमच्यात घरची बाई वाढते आणि शेवटी जेवते. तिनं स्वतःचं पान सगळ्यांच्या गोलात टाचून ठेवलं होतं. सगळ्या सुगीत त्या पोरीनं एवढी एकच गोष्ट मागितली होती.

मी तिला कुंकवाची रीत सांगितली. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मतलब हमारी गलती है." आणि हात पुसत घराकडं चालायला लागली. देव्हाऱ्यातून करंडा काढला, पदरानं पुसला. तानाक्का नुसती बघत राहिली.

पहिलं दार शालनवहिनीचं. ती अंगणात कपडे आपटत होती. हिला बघून आणखी जोरात आपटायला लागली.

"आता आठवन झाली व्हय? आमी काय वाऱ्यावर पडल्याव? बिनबोलावता यायाला?"

मी मध्ये बोलायला गेले. फुलमनीनं माझा हात धरून मला मागं ओढलं. आणि जी बाई तीन महिने 'व्हय' आणि 'न्हाई' ह्यापुढं गेली नव्हती, ती मराठीत बोलली. एकेक शब्द निवडून, अंगणाच्या कडेला उभी राहून.

"चुकलं माझं. रीत माहीत न्हवती. वहिनी, तुमच्या रानात मी तिकडं बसली, सावलीत. समद्यांच्या रानात बसली. माझ्या रानात सावली न्हाई. एक बी झाड न्हाई. समद्यांनी एका जागी बसायचं. चालत आसंल तर या."

कपडा शालनवहिनीच्या हातात तसाच राहिला. पाणी निथळत होतं. फुलमनी पुढं झाली, बोटाला कुंकू घेतलं आणि हात वर करून थांबली. शालनवहिनी उंच. वाकल्याशिवाय हिचा हात कपाळाला पुरणार नव्हता.

शालनवहिनीनं कपडा बादलीत टाकला, हात पुसले. आणि वाकली.

"चल फुडं," ती म्हणाली. "आभाळ आलंय, हितं काय उभी ऱ्हातीस?"

आम्ही साती घरं फिरलो. पाचजणी आल्या, मी सहावी. एक आली नाही, पुढं कधी आलीही नाही. तिचं तिच्यापाशी. ढगांमुळं ऊन चढलं नव्हतं, शेंग अजून नरम होती. जो पाऊस बुडवणार होता त्याच्याच ढगानं वेळ दिला. आम्ही अशा भिडलो की दत्ताला पेंढ्या बांधायला सुधरेना.

अकराला न्याहारी. तिनं घेवड्याची आमटी केली होती आणि तांदूळ-डाळ वाटून तळलेलं तिच्या माहेरचं काहीतरी, पुरीसारखं पण जाड, फुगलेलं. शालनवहिनी पानापुढं बसली. पत्रावळ उचलली, उलटी केली, टाके बघितले. "थर्माकोल आल्यापास्नं हातानं टाचलेली बघिटलीच न्हाई," ती म्हणाली. "माजी आय आशीच टाचायची." मग एक तुकडा तोंडात घातला. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"ह्येला काय म्हनायचं?"

"धुसका."

"दे आजून एक."

फुलमनी वाढायला उठली तर शालनवहिनीनं तिचा पदर धरून खाली ओढला. "बस की गं! आमाला काय हात न्हाईत व्हय?" फुलमनी बसली. उरलेल्या पानावर तानाक्का येऊन बसली, सुनेला अगदी खेटून. ती म्हातारी तीन महिने गावात मान वर करून चालली नव्हती. मी धुसका खात होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरची लागली म्हणून सांगितलं.

पाऊस संध्याकाळी आला, धो धो. तोवर पेंढ्यांवर ताडपत्री पडली होती.

मी तिच्या बाजूनं कधी बोलले नाही, हे मला अजून सलतं. पण एक कबूल करते. तेव्हा मी बोलले असते तर ते सुभेदारणीनं मिळवून दिलेलं पान झालं असतं. तिनं स्वतः मिळवलं ते तिचं झालं. शिव्या नाहीत, रडारड नाही, आपली चूक आधी कबूल केली आणि मग आमची दाखवली. एवढी हिंमत मी पलटणीत बघितली नाही, आणि मी पुष्कळ पलटणी बघितल्या आहेत.

तर, दोन किलो घेवडा. नुसता बघत बसण्यापेक्षा गावी जाऊन येते म्हटलं, आणि रविवारी एसटी धरली. फुलमनीच्याच रानात सावड होती. आता म्होरकी तीच. शालनवहिनी थकली, पण येते, बसल्या बसल्या हुकूम सोडते. दोघीतिघी मुलांकडं पुण्याला गेल्या. त्यांच्या जागी नव्या सुना आल्यात. एक विजापूरकडची कानडी बोलणारी, एक ओडिशाची, एक कुठली ते मला कळलंच नाही. फुलमनी सगळ्यांना झापते ते आमच्या भाषेत, आमच्यापेक्षा ठसक्यात. "आगं ए, बुडात धर की! शेंगा मातीत घालतीस व्हय?" तिची पोरगी बालवाडीत जाते आणि आईचं मराठी दुरुस्त करते.

मी दोन-चार झाडं उपटली. गुडघ्यांनी हात टेकले. सगळ्यांनी प्रेमानं मला बाजूला केलं. न्याहारीला गोल मांडला गेला, पळसाच्या पत्रावळींचा. मला बघून ओडिशाची सून पळत गेली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या आडोशाला प्लास्टिकची खुर्ची ठेवली. "काकी, तुमी हितं बसा. सावलीत." पोरगी गुणाची, मनात काही नव्हतं तिच्या. मी शहरातून आलेली पाहुणी. मी बसलेसुद्धा. ताटली माझ्या मांडीवर आली. तिथून गोल दिसत होता, हसणं ऐकू येत होतं, शब्द मात्र कळत नव्हते. पंधरा-वीस पावलं. एवढ्याशा अंतरात माणूस किती लांब जातं, ते मला साठीला टेकल्यावर कळलं.

फुलमनी हात धुऊन आली. गोलाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"खुर्ची कुनी मांडली गं?"

ओडिशाची सून उभी राहिली. फुलमनी सरळ माझ्याजवळ आली, मांडीवरची ताटली उचलून ओडिशाच्या सुनेच्या हातात दिली. "ध्येनात ठेव," तिला म्हणाली, "आपल्या रानात सावली नसती."

आणि पदराआडून एक पत्रावळ काढून स्वतःच्या शेजारी मांडली.

"अगं, माझे गुडघे," मी म्हटलं. "खाली बसले तर मला उठता यायचं नाही."

"बसा वो काकी," ती म्हणाली. "उठवायला आमी हाय की."